वरूडची एक दुपार आणि माझा वेगळा कप

"आजचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे आजी, पण सुटलो असं समजू नका," अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी उठायला लागले होते, ती परत बसले.

त्यांनी 'विंडो पिरियड' समजावला. संसर्ग शरीरात शिरला तरी तपासणीत दिसत नाही, तो मधला काळ. एचआयव्हीसाठी साधारण सहा आठवडे, सिफिलिससाठी तीन महिने धरतात. माझे तीनच आठवडे झाले होते.

झालं होतं ते असं. वय चौसष्ट, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. वरूडला चुलतबहिणीकडे गेले होते. तिचे शेजारी मनोहरराव, विधुर, संत्र्याची बाग. बाग दाखवतो म्हणाले. बागेतल्या खोलीत जे झालं ते इतक्या थोडक्यात झालं, की कपातला चहाही निवला नव्हता. नंतर ते म्हणाले, "मी बी काही साधू नोतो, सुमनबाई." मी हसले. अकोल्याला आल्यावर लघवीला आग व्हायला लागली, तेव्हा ते वाक्य आठवलं आणि हसू आटलं.

तरुणपणी मला वाटायचं, भिंतींवरच्या जाहिरातींत रंगवलेले ते गुप्तरोग टॉकीजच्या खुर्चीतून लागतात. बी.ए. झालेली मी, पण खुर्चीवर पेपर अंथरून बसायची. सिनेमा सुटला की साडीला मागून अर्धी बातमी चिकटलेली. तीच हुशार पोरगी आता म्हातारी होऊन परत आली. मी ताट वेगळं केलं, कप वेगळा केला, नातवाचा मुका घेणं सोडलं.

"आई, कप काहून वेगळा? आमचं काही चुकलं का?" सुनेनं विचारलं.

"खोकला आहे व माय," मी म्हटलं. त्या दिवसापासून नातू येताजाता मला खोकून दाखवायचा.

न सांगण्यासारखं दुखणं झालं की आमच्याकडे अकोल्याचा माणूस अमरावती गाठतो. मीही गाठली. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. कसा संबंध, निरोध होता का, जखम, फोड, अंगावरून जाणं, किती दिवस झाले. मी उत्तरं भिंतीवरच्या कॅलेंडरला दिली. आग निघाली साध्या युरिन इन्फेक्शनची, म्हणजे मूत्रमार्गातल्या जंतूंची.

"बाकीचा धोका कमी आहे, पण शून्य नाही," त्या म्हणाल्या. "थोडाच वेळ होता म्हणून लागत नाही, असं नसतं. बहात्तर तासांत आला असतात तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचा विचार करता आला असता. कपाताटानं यातलं काही पसरत नाही. आणि त्यांनाही तपासून घ्यायला सांगा."

हे सांगणं सुईपेक्षा जड. बसस्टँडवरून फोन लावला.

"मनोहरराव, एक तपासणी करून घ्या."

पलीकडून आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग, "परवाच करून आलो. अकोल्याले."

"अकोल्याले काहून?"

"अमरावतीले अर्धं वरूड भेटते न बाई."

मी एकटीच हसत सुटले. तेवढ्यात ते म्हणाले, "माह्या रिपोर्टात सिफिलिस निघालं. तुमाले कसं सांगू, हेच ठरवून राहिलो होतो."

मी तशीच दवाखान्यात परतले. माझा रिपोर्ट निगेटिव्ह असूनही डॉक्टरीणबाईंनी पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली. जोडीदाराला निघालं की वाट बघत नाहीत. कमरेत टोचल्यामुळे परतीच्या एसटीत अकोल्यापर्यंत मला धड बसता आलं नाही. घरी येऊन वेगळा कप फडताळात सगळ्यांच्या कपांत ठेवला, नातवाला जवळ ओढलं आणि रडले. सुनेला वाटलं, खोकल्यानं.

मग तीन महिने पुरे होईपर्यंत नुसतं थांबणं. त्यानं माणूस दुखण्याहून जास्त थकतो. आठवडाभर मी मनोहररावांचा फोन उचलला नाही. मग विचार आला, हा माणूस गप्प बसला असता तर मी तो निगेटिव्ह कागद घेऊन आरामात घरी बसले असते. पुढचा फोन उचलला.

बायांनो, वय कितीही असो, लाज वाटेल. वाटू द्या, पण पहिल्याच दिवशी दवाखान्यात जा. मी तीन आठवडे ताटं वेगळी करण्यात घालवले.

शेवटच्या तपासणीला मनोहरराव अमरावतीला आले, ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. आणि खरंच वरूडचा एक ओळखीचा समोर उभा राहिला.

"काहो, इकडं कसे?"

मी पदर सावरला. मनोहररावांनी घसा साफ केला.

"तपासाले आलो," ते म्हणाले. "दोघं बी."

माझा रिपोर्ट स्वच्छ आला. तो हातात पडायच्या आधीच मी निम्मी बरी झाले होते.