दहा मोजेपर्यंत

माझे सासरे खड्यांना पैलू पाडायचे. चाळीस वर्षं मागच्या खोलीत तेच चाक, तोच दिवा, तेच स्टूल. स्वभाव विचाराल तर हूं की चूं नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघांच्या वाट्याचं बोलायच्या. त्या गेल्या आणि बाबांनी चाकाला हात लावणं सोडलं. रडले मात्र नाहीत. मलाही रडू येत नव्हतं. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसं सगळं बधिर झालं होतं.

हाताला काही काम हवं म्हणून मी साफसफाई काढली. मी साफसफाई काढली की घरातले आपापले चष्मे लपवतात. बाबांच्या खणात, अगदी तळाशी, काळ्या कागदात गुंडाळलेली डबी सापडली. आत बोराच्या बीएवढा खडा होता, इतका लाल की माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. एवढी देखणी वस्तू अंधारात कशाला? मी तो खिडकीत, आईंच्या फोटोपुढे ठेवला. संध्याकाळी बाबा आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि जेवायला बसले.

तीन आठवड्यांनी नवरा दौऱ्यावरून परतला. फोटोकडे बघून त्याने कपाळावर हात मारला.

"हा उजेडात कुणी ठेवला?"

खडा काळपट पडला होता.

मग त्यानेच सांगितलं. ते प्रूस्टाइट, चांदी असलेलं खनिज. नखानेही ओरखडा उठेल इतकं मऊ, म्हणून अंगठीत बसवत नाहीत. उजेडात काळवंडतं, म्हणून मांडूनही ठेवत नाहीत. त्या लाल रंगासाठी संग्राहक जीव टाकतात आणि खडा मिळाला की अंधारात ठेवतात. हा बाबांनी लग्नाच्या वर्षी घडवलेला. दर लग्नाच्या वाढदिवसाला आई तो बघायला मागायच्या. बाबा डबी उघडून दहापर्यंत मोजायचे आणि झाकण लावायचे.

"अहो, जरा सावकाश मोजा की," आई म्हणायच्या.

मी तशीच बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिलंत ना? मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी फोटोपुढच्या खड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"वरचा काळा थर घासून निघेल?"

"निघेल. आत लालच असतो."

"मग आता डबीत ठेवू?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"राहू दे. अजून दहा झाले नाहीत. सावकाश मोजतोय."