खांबावरचा पॉइंट

गोदूबाई मागच्या दारात बोंबलांची डोकी उडवत बसली होती आणि पुढच्या खोलीत तिचा नवरा परशुराम आणि दीर धर्माजी हातघाईवर आले होते.

भांडण घरावरून. भाईंदर पश्चिमेची त्यांची बैठी घरं पाडून तिथे टॉवर उठायचा होता. बिल्डरचा माणूस गुणवंतभाई दोघांच्या मधे खुर्ची टाकून चहा फुंकत बसला होता. नव्या बिल्डिंगीत विजेच्या गाड्या चार्ज करायची सोय ठेवायलाच लागते, म्हणून जुन्या घरवाल्यांनाही एकेक पार्किंग आणि खांबावर चार्जिंगचा पॉइंट असं ठरलं होतं.

"पार्किंग सोडा ना," गुणवंतभाई म्हणाला. "बदल्यात गच्ची घ्या. बोंबील सुकवा, सुकट सुकवा, आपल्याला काय."

"सोडाची न्हाय," परशुराम म्हणाला. "उद्या पोराची गाडी येल."

"कंची गाडी? भिंतीला लावायची?" धर्माजी हसला. "बापाने कवा होडी भिंतीला लावली व्हती? आनि बोंबील कुटं सुकवशील, त्या पॉइंटवर?"

सगळा वाडा धर्माजीच्या बाजूने झाला. कोळ्याला उन्हाची जागा देतो म्हटलं की बाकीचं त्याच्या कानात शिरत नाही. गोदूबाईलाही दिराचंच पटलं. बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या तिला तिथे बसल्या बसल्या गच्चीवर उभ्या दिसल्या. परशुरामाने पार्किंग सोडल्याची सही केली आणि भावाशी बोलणं टाकलं.

टॉवर उभा राहीपर्यंत परशुराम टिकला नाही. भाड्याच्या खोलीतच गेला. वलांड्या टिकल्या एक मोसम. वरच्या मजल्यांवरच्या नव्या लोकांना वास आला, सोसायटीची मीटिंग भरली आणि बांबू खाली आले. गच्चीवर आता कुंड्या आहेत, सदाफुलीच्या.

गोदूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. तिची गिऱ्हाइकं मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात. बायका तिच्या तोंडाला घाबरायच्या आणि घ्यायच्या तिच्याकडूनच. पुढे तिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाला, हृदय मोठं झालंय, डोक्यावर वजन घ्याल तर एक दिवस रस्त्यातच बसाल.

"मोटं झालंय म्हंजे?" ती म्हणाली. "आमच्या सासूला सांगायला पायजे व्हतं."

तेव्हा तिचा मुलगा प्रीतमने बॅटरीचा तीनचाकी टेम्पो घेतला. पाटी मागे, आई शेजारी. पदर सारखा करून ती अशी बसायची, जणू लग्नाला निघालीय. त्या दिवसांत तिच्या तोंडावर रंग आला होता. डोक्यावर पाटी न घेता धंदा चालू राहायचा, तर टेम्पो चार्ज व्हायला हवा; सगळं त्या एका गोष्टीवर आलं होतं.

प्रीतम चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून खाली वायर सोडायचा. सोसायटीचा सेक्रेटरी जितेंद्र याने ती काढायला लावली. आग लागेल म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकीचं नव्हतं. पण खाली खांबाखांबावर पॉइंट होते, कोऱ्या प्लास्टिकसकट. गोदूबाई धापा टाकत मीटिंगला गेली.

"त्यातला एक द्या. वीज जाळू ती आमी भरू."

"मावशी, पॉइंट पार्किंगबरोबर जातो. तुम्ही लोकांनी पार्किंग लिहून दिलंय. ते सगळे बिक गया."

"त्या कोपऱ्यातल्या पार्किंगात सोफा ठेवलाय. सोफा चार्ज करतात काय?"

दोनचार जण हसले. जितेंद्रही हसला. "मालक दुबईला असतात. आगे जाके गाडी घेतील ना."

"मंग माजे पोराने तवर काय करायचं?"

जितेंद्रने पुढचा विषय घेतला. पाण्याचा टँकर.

प्रीतम मग हायवेपलीकडे चार्जिंगला जाऊ लागला. रात्री तिथे गाडी ठेवू देत नसत, म्हणून सकाळचीच रांग. तो येईपर्यंत पाटीतला बर्फ वितळायचा, पापलेटाचे डोळे बसायचे आणि बेव्हर्ली पार्कातल्या नोकरीवाल्या बायका दाराला कुलूप लावून गेलेल्या असायच्या. आतबट्ट्याचा धंदा किती दिवस रेटायचा? दिवाळीनंतर टेम्पो विकला. प्रीतम गोदामात लागला आणि आईला म्हणाला, आता घरी बस. ती हो म्हणाली. तो कामावर गेला की पाटी काढायची.

शेवटच्या बुधवारीही तेच केलं. त्या दिवशी दुपारी घरी येऊन ती आडवी झाली ती उठलीच नाही. प्रीतम डबा घेऊन परत आला तेव्हा अंग गार पडलं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं तेच झालं, फक्त रस्त्यात नाही झालं.

पण त्या सकाळी तिला जायचंच होतं. बेव्हर्ली पार्कातली समिधा बाळंत झाली होती आणि बाळंतिणीला दूध यायला मुडदुशांचं, त्या बारक्या माशांचं, कालवण लागतं. मुडदुशे आणून देते, असा गोदूबाईने शब्द दिला होता. पाटीचं पाणी सांडतं म्हणून रिक्षावाले तिला घेत नसत. ती चालत गेली. पुलावर दोनदा थांबली. खालच्या पानवाल्याने तिला कठड्याला टेकलेली पाहिली आणि तंबाखू मळायला थांबली असेल असं त्याला वाटलं.

समिधाच्या दारात तिने मासे कापायची विळी, मोरली, मांडली.

"गोदूमावशी, घामाने भिजलात हो. आत पंख्याखाली बसा."

"आत बसले तर वास बसंल. पोराला पाजलंस का? दाखव." बाळाकडे बघून ती म्हणाली, "बापावर गेलाय. जाऊ दे, मोटा झाल्यावर सुदरंल."

तिने खवलं काढली, तुकडे धुवून दिले, वर मूठभर कोळंबी टाकली आणि ती का टाकली म्हणून समिधाशी भांडलीसुद्धा. पाणी प्यायली. मग चुंबळ नीट केली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"पाटीला हात लाव गो. हळू, टाके ताजे हायत तुजे. एकाच हाताने लाव."

समिधाने एका हाताने पाटी उचलून दिली. गोदूबाईने ती डोक्यावर तोलली आणि शेजारच्या दाराची बेल दाबली.