ठिपक्यांना फुटलेल्या शेपट्या

प्लेटमध्ये आज गोल ठिपक्यांऐवजी शेपट्या उमटल्या.

रक्तातल्या कोणत्या पेशी प्रतिपिंडं सोडतात, हे शोधायची आमची रीत साधी आहे. पेशी प्लेटच्या तळाशी पसरायच्या आणि इनक्युबेटरच्या उबेत अजिबात न हलवता ठेवायच्या. पेशी बसल्या जागी प्रतिपिंडं सोडते आणि ती तिथेच तळाला चिकटतात. मग आम्ही पेशीला धुऊन टाकतो आणि रंग घालतो. ती होती तिथे ठिपका दिसतो. राबणारीला मोरीत सोडायचं आणि तिच्या डागाचं कौतुक करायचं, ही रीत मला प्रयोगशाळेबाहेरही ओळखीची आहे. पण निदान डाग तरी धड उमटू द्यावा!

काल सरांनी पाहुण्यांसमोर इनक्युबेटर उघडला आणि फोटोसाठी प्लेट हातात धरली. पेशी घरंगळल्या, ठिपके फरफटले.

"बिघडलं? मग परत लावा की," सर आज म्हणाले.

परवा वॉर्डात या प्लेटसाठी ज्यांचं रक्त घेतलं, ते आजोबा आज पहाटे गेले. सुई टोचताना मला म्हणाले होते, "घे बाई. मला नाही, पुढच्यांना तरी उपयोग होईल."

फोटो मात्र छान आलाय. सरांच्या हातातली प्लेट तेवढी तिरकी आहे.