हळदीच्या मांडवातला टसर

भर मे महिन्यात डिंभ्याकडं कोण जातं? मी गेले. टसर रेशमाचा पतंग कोशातून बाहेर येताना बघायचा, हे माझं जुनं वेड, आणि दरवेळी पदरात काय, तर भोक पडलेला रिकामा कोश! यंदा माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं, कुसुमनं, तिच्या जांभळीवरच्या भरलेल्या कोशाचा फोटो पाठवला. शिवाय तिच्या लेकीचं, मनीषाचं लग्न होतंच.

वारूळवाडीहून कळंबमार्गे मंचर, तिथून भीमाशंकरची एसटी. बायांना अर्धं तिकीट, फक्त खिडकी धरायला चपळाई हवी. घोडेगाव सोडलं की डोंगरात ऐनाची झाडं दिसतात. टसर ऐनावर, अर्जुनावर, जांभळीवर वाढतो. कोश लहान अंड्याएवढा, देठानं फांदीला लटकलेला असतो.

डिंभ्याला कुसुमच्या घरी पोचले, तर जांभळीच्या खालच्या फांद्या छाटलेल्या!

"अगं, मांडवडहाळं," कुसुम म्हणाली. लग्नाच्या मांडवावर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या घालायची इथली रीत. भावकीनं त्या वाजतगाजत आणून टाकल्यासुद्धा. मला रडूच आलं. पाला उचकत अख्खा मांडव पालथा घातला, तेव्हा कोश सापडला. नेमका हळदीच्या पाटाच्या डोक्यावर, मांडवाच्या छतात लटकलेला!

तिन्हीसांजेला मनीषा पाटावर बसली आणि कोशाचं टोक ओलं झालं, म्हणजे पतंग बाहेर यायला लागला.

"थांबा!" मी ओरडले. "डीजेच्या हादऱ्यानं पंख वाळायच्या आत खाली पडला, तर कधीच उडायचा नाही तो."

मनीषाची आत्या तडकली, "किड्यापायी हळद थांबवायची व्हय? पावणं काय म्हणतील?"

कुसुमनं माझ्याकडं पाहिलं आणि डीजेवाल्याला हात केला. "बंद कर रे. माझी पोर तर उद्या निघालीच हाय. ह्ये बी सुखानं जाऊ द्या."

सगळा मांडव माना वर करून बघत राहिला. विटकरी पंख हळूहळू उलगडले, प्रत्येकावर काचेसारखा गोल डोळा. सगळ्यांत पुढं आत्याच.

"काय खातंय गं ह्ये?"

"काहीच नाही. कोशातून आल्यावर खायला तोंडच नसतं त्याला."

"अरं देवा! लग्नघरी येऊन उपाशी!"

मी हसत होते आणि डोळे वाहत होते. मग हळद लागली, डीजेशिवाय, हलक्या हातानं. सकाळी पाहिलं तर पतंग उडून गेलेला.

घरी येऊन, वेड फिटलं म्हणून निवांत फोटो बघत बसले होते, तर कुसुमचा फोन. मांडव उतरवला म्हणाली. 

"घर लई सुनं झालंय गं," मग म्हणाली. "येतीस का? पतंगासाठी न्हाई. माझ्यासाठी ये."