यमुनाच्या नावाची बाटली

सकाळी रक्त काढायला डावा हात दिला होता, म्हणून दुपारी उजवा पुढं केला. सुई टोचणाऱ्या बाईंनी नाव विचारलं. मी माझ्या धाकट्या जावेचं सांगितलं – यमुना. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो जाईपर्यंत.

सकाळी टोचणारी बाई दुसरी होती. या बाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं, तेही मी पटकन सांगितलं. त्या हसल्या. "तुम्ही बऱ्या. सकाळच्या बायका म्हणे नवऱ्याच्या नावासाठी शेजारणीला पुढं करत होत्या." मी कशाला अडखळेन? माझ्या दिराचं नाव होतं ते. सकाळी शेजारणीला पुढं करणाऱ्यांत मीही होते.

खालापूरकडच्या आमच्या गावात विजेच्या मोठ्या तारा घरावरून गेल्या आहेत. दमट हवेत त्या गुणगुणत, कपडे वाळत घालायच्या तारेला हात लावला की झिणझिण्या येत. ऐंशी सालानंतर कधीतरी शहरातले डॉक्टर शाळेत येऊन बसले. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या आजाराशी लढतात. तारांभोवतीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या विजेनं त्यांचं काही बिघडतं का, ते त्यांना बघायचं होतं. म्हणून तारांखाली राहणाऱ्या बायकांचं रक्त हवं होतं.

यमुनाला वर्षभर बारीक ताप होता. साधं खरचटलं तरी चिघळायचं. मग तिचंच रक्त आधी द्यायला नको होतं का? – होतं. पण माझ्या मुलीला दहिवलीचं स्थळ आलं होतं. यमुनाच्या रक्ततपासणीची चिठ्ठी वाईट आली असती, तर अख्ख्या घराचं रक्त नासलंय म्हणून गाव बोललं असतं. डॉक्टरांच्या यादीत तिचं नाव होतं, ती आलीच नसती तरी का म्हणून विचारलं असतं. मी तिला म्हटलं, "तू पड गं. ताप हाय त्यांचं घेत नाय."

"बरं, ताई," म्हणाली.

काही दिवसांनी चिठ्ठ्या आल्या. दिरानं तिची वाचून दाखवली – रक्त चांगलं आहे. यमुना बावरली. "माजं रक्त कवा घेतलं, ताई?"

नाव खोटं सांगितलं ते भीतीनं म्हणा. पण पुढचं? – मी म्हटलं, "तापात व्हतीस. तुला आठवत नाय."

ती बाही वर करून बराच वेळ टोचल्याची खूण शोधत बसली. मग म्हणाली, "असंल."

त्या दिवसापासून तिचा ताप म्हणजे ढोंग झालं. सासू म्हणायची, "कागदात बरी हाय, मंग अंथरुणात कशाला?" दिरानं तिला शिळफाट्याच्या डॉक्टरकडं नेणं बंद केलं. लावणीला ती चिखलात उभी राहिली. वाकली की दात वाजत. मला ऐकू येत होतं, मी शेजारीच लावत होते. एक शब्द बोलले असते तर? बोलले नाही. मुलीचं लग्न होईपर्यंत नाही, झाल्यावरही नाही.

तारांनी झालं की आणखी कशानं, मला ठाऊक नाही. ज्यातून कळलं असतं, ते रक्त बाटलीत गेलंच नाही.

डॉक्टरांच्या वहीत आमच्या घरातल्या दोन धडधाकट बायका असतील. दोघीही मीच.

यमुना दिवाळीआधी गेली. मी अजून आहे.