नथूनाना आणि अष्टमीची मोजणी

नथूनानांवर अन्याय झाला तो कार्तिक वद्य अष्टमीला, सकाळी साडेअकरा वाजता. साल सांगायचं तर आमच्या शिलोतरपाड्याच्या पाटीवरचं ‘पाडा’ पुसून तिथे ‘नगर’ लिहिलं गेलं, ते. तिथी मुद्दाम सांगते, कारण सगळी चलाखी तिथीतच आहे.

नाना उघाडीचे राखणदार. तुळिंजच्या बाजारापलीकडे बिल्डिंगा संपतात तिथे खाडीचा बांध आहे. त्या बांधातल्या लाकडी दाराला उघाडी म्हणतात. भरतीला दार लावायचं, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. ओहोटीला उघडायचं, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. हे काम गावाने नानांच्या बापाला सांगितलं होतं, बापाने नानांना. शेतं विकली गेली, त्यांवर आमच्या चार मजली बिल्डिंगा उभ्या राहिल्या, तरी नाना दार लावत आणि उघडत राहिले.

“नाना, आता भात कुठे राहिलाय?” मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

“भात गेला. पानी कुठं गेलंय?”

मी तेव्हा नालेसफाईचं पत्रक घेऊन गेले होते. वय वीस, आवाज मोठा. बोलता बोलता विचारलं, “आज भरती किती वाजता?” म्हातारा कमरेवर हात ठेवून उभाच राहिला.

“तुला कशाला पायजे?”

“सहज.”

“सहज कोन इचारत नाय. कोनी धाडली तुला?”

मग त्यांनी पत्रक उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. “ही बाजू कोरी कशाला ठेवलीस? उद्या हितं कोनी काय बी लिवंल.” तेव्हापासून मी पत्रकं दोन्ही बाजूंनी छापते.

आमच्या बिल्डिंगीतली पोरं त्यांना सीआयडी म्हणायची. जनगणनेची बाई आली तर नाना आधी तिच्या पेनाचं टोपण लावून घ्यायचे आणि मग बोलायचे. सख्ख्या भाच्याने लग्नपत्रिका दिली, तर विचारलं, “माझं नाव कशाला छापलंस? निमंत्रक म्हंजे काय काय येतं त्यात?” मीही हसायचे. दोन पावसाळे गेले, माझ्यावर थोडा भरवसा बसला, आणि एके दिवशी बांधावर बसून त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यानंतर मी हसले नाही.

“गोड मानूस होता, पोरी, त्या नव्या बिल्डिंगीवाल्याचा. माझ्या घरचा चहा पियाला. काका-काका करत होता. म्हनाला, काका, तुमच्यासारखं पानी कोनाला कलतं? सांगा बघू, सगल्यात कमी पानी कंच्या दिवशी असतं? मी फुगलो. सांगितलं, अष्टमीला भांग असतो. पुनवेला, अवसेला उधान. अष्टमीला पानी मरतुकडं. साडेअकराला ये, गुराचे खूर भिजायचे नाय.”

तो आला. अष्टमीला, साडेअकराला, दोन मोजणीवाले घेऊन.

“टेपचं दुसरं टोक मीच धरलं,” नाना म्हणाले.

उघाडीपर्यंत पाणी आणणाऱ्या चरीबद्दल कागदावर लिहिलं गेलं : कोरडी चर, वापर नाही. पंच म्हणून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची सही. मी त्यांना जाब विचारला तेव्हा म्हणाले, “अहो, योगायोग असेल. मोजणीवाले त्यांच्या सवडीने येतात. तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीत वास घेता.” घेते. महिन्याचे बाकीचे दिवस सोडून नेमका तोच दिवस, तोच तास, आणि लगेच त्या कोरड्या चरीवर शेजारच्या नव्या बिल्डिंगीच्या पार्किंगची भिंत आखली जाते, याला मी योगायोग म्हणणार नाही.

पण थांबा, माझंही ऐका. मोजणीपाठोपाठ सोसायटीने पालिकेला अर्ज दिला होता : इथे पाणी येत नाही, दाराशी डास होतात, दार बंद करावं. खाली घरटी एक सही. पहिल्या मजल्यावरची एक सही माझी आहे. नानांची ओळख व्हायच्या आधीची. डास होते म्हणून केली. वाचलं नव्हतं.

नानांनी मला मोजणीचं सांगितलं त्याच उन्हाळ्यात दार विटांनी बुजवलं. नाना गवंड्यांपाशी उभे होते. “दार लावा रे, पन बुजवू नका,” एवढंच म्हणत होते. श्रावणाच्या अमावास्येला दिवसभर पाऊस, भर दुपारी खाडीला उधाण. ओहोटी लागली, खाडी उतरली, पण आतलं पाणी जाणार कुठून? तळमजल्यांत गुडघाभर, नानांच्या घरात त्याहून जास्त. आणि आमच्या जिन्यात उभे राहून लोक काय म्हणाले? “त्या म्हाताऱ्यानेच कुठून तरी पाणी सोडलं असणार!”

मुलगा त्यांना वालीवला घेऊन गेला. कारखान्यांच्या गाळ्यांवरची खोली, खाली दिवसभर पत्रा कापायचा आवाज. शेवटची भेटले तेव्हा त्यांचं अंग अगदी सुकलं होतं. पाणी पाजलं, तर आधी ग्लासात बघून घेतलं. म्हणाले, “फिरून मोजा म्हनावं. उधानाला मोजा. नायतर मानूस मरंल कोनी.” मी म्हटलं, मोजायला लावते. “तू लावशील,” ते म्हणाले, “पन तुज्या बिल्डिंगीतले?” पौषात नाना गेले. दार अजून बुजलेलंच आहे.

म्हणून हे तुम्हाला, शिलोतर‘नगरा’त राहून हे वाचणाऱ्यांना. त्या अर्जावर तुमची सही आहे. ती सेक्रेटरींकडे जाऊन लेखी मागे घ्या. खाली एक ओळ लिहा : मोजणी अमावास्येच्या भरतीला, जुन्या गावकऱ्यांसमोर पुन्हा व्हावी. मी माझी सही मागे घेतली आहे. सेक्रेटरी म्हणतील, ठेवून जा, बघू. ठेवून येऊ नका. पोच हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.