ओटी आत्यांच्या पदरात

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. दोनदा मला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. दोन्ही वेळा मी तिच्यापुढे हात जोडले होते आणि ती नुसती बघत राहिली, असं माझ्या मनात बसलं होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, पण धीराचे दोन शब्दही बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प राहण्यातच मला ठपका ऐकू यायचा. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी मनाशी ठरवलं, या वेळी देवाबिवाचं काही नको, डॉक्टरबाई सांगतील तेवढंच करायचं. सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी महिनोन् महिने पडून काढले. वरच्या पंख्याला कुठे कुठे गंज चढलाय ते मला तोंडपाठ झालं होतं.

सातव्या महिन्यात तपासणीला गेले, तर डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "आता सगळं छान आहे. जवळपास फिरून यायला हरकत नाही." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्या पुढे सरकल्या. "दुधनीच्या पलीकडं आमची कुलदेवी हाय. ओटी भरायला न्हेऊ का हिला? गाडीनं, हळू हळू?" डॉक्टरबाईंनी परवानगी दिली, पण चांगली खडसावून. तासाभराने गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं, पाणी पीत राहायचं, लघवीला अडवून धरायचं नाही, फाईल बरोबर ठेवायची. आणि गाडीतला पट्टा लावायचाच. खालचा पोटाच्या खालून, मांड्यांवरून आणि वरचा छातीच्या मधून. खरं सांगते, माझा राग तिथल्या तिथे कुठल्या कुठे पळाला. देवीकडेच काय, कुणी बाजार समितीत कांदे बघायला नेलं असतं तरी मी नाचत गेले असते!

आदल्या दिवसापासूनच माझ्या अंगात आलं होतं. हिरवी साडी तीनदा काढून तीनदा घडी केली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दोन उशा, पाण्याच्या चार बाटल्या. आमचे हे म्हणाले, "अगं, दुधनीला चाललोय की दिल्लीला?" सकाळी उन्हं वर आल्यावर निघालो. हे गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी सीट मागे सरकवून ऐसपैस बसले होते आणि आत्या माझ्या मागे. कुंभारी गेलं, वळसंग गेलं, तुरीची शेतं, ज्वारीची शेतं, आणि मी लहान पोरीसारखी प्रत्येक गोष्ट बोट करून दाखवत होते. हे खड्डा दिसला की बैलगाडीच्या चालीनं गाडी काढत आणि मागून फटफट्या हॉर्न मारत पुढे जात. मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

देऊळ माळावर आहे, लहानसंच. देवीपुढे उभी राहिले आणि मला बोलताच येईना. इतके महिने तिच्याशी भांडायचं ठरवून बसलेली मी, घळाघळा रडायलाच लागले. गुरवाच्या बायकोने माझी ओटी भरली. नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, खण. आमच्याकडची रीत अशी, की देवीच्या दारात भरलेली ओटी घरी जाऊन देव्हाऱ्यापुढे उतरवेपर्यंत जमिनीवर ठेवायची नाही, पदरातच धरायची. मी पदराची गाठ मारली आणि नारळ पोटाशी घट्ट धरला. त्या क्षणी मनात आलं, ही ओटी माझ्या अंगाला लागून राहिली तर पोटातलंही राहील. एकदा आलेला तो विचार काही केल्या हलेना.

परतीच्या वाटेवर अडचण झाली. पोट पुढे, त्यावर ओटीचं गाठोडं, पट्टा बसणार कुठे? मी सरळ पट्टा पाठीमागून नेऊन अडकवला, म्हणजे गाडीचं ते टुंग टुंग बंद. हे चिडले. "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" मी म्हणाले, "देवीची ओटी हाय. देवी बघंल की." यांनी आरशातून आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली, आणि गाडी निघाली.

तासाभराने वळसंगच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली थांबलो. तिथे एक म्हातारी पाटी घेऊन पेरू विकत बसली होती. कपाळभर कुंकू, तोंडात पानाचा तोबरा, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. मी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले. कापलेला तिखटमिठाचा पेरू बघून जीभ सुटली होती, पण यांनी डोळे वटारले. मी मुकाट्याने येऊन बसले आणि पट्टा पुन्हा पाठीमागून अडकवला. म्हातारी एक अख्खा पेरू धुऊन खिडकीशी आली. पेरू माझ्या हातात दिला आणि वाकून आत बघतच राहिली.

"यव्वा, पट्टा पाठीमागनं लावून कुणाला बांधलीयास? शीटला? शीट कुटं पळून चाललीया व्हय?"

मला हसू आलं. म्हणाले, "ओटी हाय मावशी, देवीची. घरापतूर खाली ठिवायची न्हाई."

"खाली कोन ठिव म्हनतंय?" तिने मागच्या सीटकडे हनुवटी केली. "सासू बसल्यात न्हवं मागं? त्यास्नी पदर न्हाई व्हय?"

इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. पण माझा हात काही गाठीवरून निघेना. उराशी धरलेलं दुसऱ्याच्या पदरात टाकायचं, आणि तेही आत्यांच्या? तेवढ्यात मागून आत्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला. "दे गं," त्या म्हणाल्या, "मी धरते. आजपतूर सगळं तू एकटीच धरलंयस." इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं, की त्यांना बोलायला शब्द सापडत नव्हते. मी गाठ सोडली. दाणा खाली न सांडता ओटी त्यांच्या पदरात गेली. म्हातारीने दार उघडून स्वतःच्या हाताने पाठीमागचा पट्टा सोडवला, माझ्या छातीवरून आणि पोटाखालून ओढून घेतला, खट्‌कन लावला आणि यांना म्हणाली, "निधान, निधान." म्हणजे हळू, हळू.

वळसंग सोडून थोडंच पुढे आलो असू. उजव्या हाताच्या शेतात मेंढरं चरत होती. त्यातलं एक अचानक रस्त्यावर उडालं आणि त्याच्यामागे सगळा कळप. यांनी करकचून ब्रेक दाबला. मी पुढे फेकली गेले आणि पट्ट्याने मला मांड्यांवर, खांद्यावर जागच्या जागी धरलं. पोटाला कशाचाही धक्का लागला नाही. मागे धाडकन आवाज झाला. गाडी थांबली, मी श्वास घेतला, आणि माझ्या पायांपाशी ओलं लागलं. कोमट पाणी, टाचांखालून वाहत होतं.

"पाणी गेलं!" मी किंचाळले. "अहो, माझं पाणी गेलं!" सातव्या महिन्यात पाणी जाणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता म्हणाले, आई, तुझं तू बघ.

आत्या खाली वाकल्या. त्यांनी ओल्यात बोट बुडवलं, हुंगलं आणि चक्क जिभेला लावलं. "गोड हाय!" त्या ओरडल्या. "अगं, नारळाचं हाय, नारळाचं!" ओटीतला नारळ त्यांच्या पदरातून निसटून माझ्या सीटखालच्या लोखंडी रुळावर आपटला होता आणि उभा तडकला होता. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. मग एकदम लक्षात आलं, थोड्या वेळापूर्वी तो नारळ कुठे होता आणि मी कशी मोकळी बसले होते. फुटका नारळ बघून मी आत्यांकडे भीतभीत पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आईनं हितंच वाढवून घेतला."

तिथून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर ठोके घुमले, भरधाव, ठणठणीत. मांडीवरचा पट्ट्याचा लाल वळ बघून त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर जागी लावला होता." मी म्हणाले, "मी नाही लावला." सगळं ऐकून त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं.

दिवस भरल्यावर मला मुलगी झाली. सव्वा महिना झाला आणि आम्ही तिला घेऊन देवीला निघालो. खरं तर माझी निम्मी घाई त्या लिंबासाठी होती. ती म्हातारी तिथे असेल का, मुळात होती तरी का, असले विचार मनात येत होते. होती! पाटी, पानाचा तोबरा, सगळं तसंच. मी धावतच गेले आणि सगळी हकिगत एका दमात सांगितली. तिने कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं आणि मान हलवली. "रोज कितीतरी गाड्या थांबत्यात, यव्वा. मला काय ध्यानात न्हाई बग."

मला वाईट वाटलं नाही. उलट इतका आनंद झाला, की सांगता येत नाही. ज्या हातांनी माझं लेकरू वाचवलं, त्या हातांना त्याची आठवणही नव्हती. घट्ट धरून ठेवलं तरच राहतं, असं मी आयुष्यभर समजत आले होते. अजूनही माझा स्वभाव तोच आहे, पण हल्ली कुणी हात पुढे केला तर देता येतं. देवी त्या दिवशी कुठे होती, हे मी कुणाला पटवायला जात नाही. माझ्यापुरतं मला माहीत आहे.

मी रस्त्याच्या कडेलाच तिच्या पायांवर वाकले. तिने माझा खांदा धरून वर उठवलं आणि आत्यांच्या कुशीत रडणाऱ्या माझ्या मुलीकडे बोट केलं.

"माझ्या पाया पडून काय व्हतंय? पोरगी भुकेजलीया. घे तिला आदी."

तिने पाटी बाजूला सारून मला सावलीत जागा करून दिली. मी तिथेच मांडी घालून बसले आणि लेकीला पदराखाली घेतलं.